वाकड्या कॉलरचा नट

३ मार्च

ही मापाची वही. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कंबरा, मागच्या पानांवर आजपासून माझं मन. नवी वही मागितली असती तर सासरेबुवांनी "कशाला?" विचारलं असतं, आणि "मन मोकळं करायला" असं उत्तर त्या माणसाला द्यायची माझी हिंमत नाही.

आधी ओळख देतो. मी घरजावई. दुकान सासऱ्यांचं, दुकानावरचं घरही त्यांचंच. कापड बेतते माझी बायको, शिवते तीच, आणि माझ्याकडे अकरा वर्षं काज आणि बटण. सासरेबुवांची नजर अधू झाली तेव्हा मला वाटलं होतं, कातर आता माझ्या हातात येईल. ती हिच्या हातात गेली. योग्यच झालं, पण हे मी फक्त इथेच लिहीन. हिने आयुष्यात एक टीप वाकडी मारलेली नाही. नाट्यगृहाच्या शिवणविभागात मुख्य कारागिराची जागा निघणार आहे, तिच्यावर हिचा डोळा आहे. मिळेलही. माझी इच्छा लहानशी आहे. आपला नवरा कोणीतरी आहे, असं हिला एकदा तरी वाटावं.

आज घडलं ते असं. गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या गोदामात सिनेमाचं शूटिंग चाललंय. नायकाचं बटण तुटलं म्हणून दुकानात निरोप आला, आणि बटण म्हणजे मीच. नायक मोठा नट आहे म्हणे. मी माणसं मापाने लक्षात ठेवतो, त्यामुळे माझ्या लेखी तो चव्वेचाळीस. तो छाती सदैव फुगवून असतो, तेव्हा सेहेचाळीस होते आणि बटण उडतं. बटण लावलं. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे "निघतो" म्हणता आलं नाही. मागे सरकलो, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, दिवे लागले आणि सगळे चिडीचूप. चव्वेचाळीसने भाषण सुरू केलं आणि माझी नजर त्याच्या कॉलरवर गेली. अर्धा बोट वाकडी! इतकं उंची कापड आणि त्यावर हा अत्याचार! माझा नुसता जळफळाट झाला. मी टाचण्या चावत बघतच राहिलो.

नंतर कळलं की मी कॅमेऱ्याच्या मधोमध उभा होतो. यथेच्छ शिव्या खाऊन परतलो.

६ मार्च

दिग्दर्शक दुकानात आला. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. मला वाटलं नुकसानभरपाई मागायला आला, म्हणून मी कापडाच्या गठ्ठ्यामागे गेलो. त्याने मला बाहेर ओढून काढलं आणि माझे दोन्ही गाल धरले.

"मास्टर, हे डोळे! हा द्वेष! हा अबोल, दाबून ठेवलेला द्वेष! मला खलनायकाचा मुका भाऊ हवाच होता!"

सासरेबुवा दारातल्या खुर्चीवरून म्हणाले, "जावईबापू आणि द्वेष? अहो, ह्यांना झुरळ मारायचं तरी माझ्या मुलीला हाक मारतात."

ही इतकी हसली की मशीनचं चाक धरून बसावं लागलं. पण मी पाहिलं, हसू थांबल्यावर ती माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. कुतूहलाने असेल. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

मी हो म्हणालो.

९ मार्च

शूटिंगचा पहिला दिवस. माझी नुसती पाचावर धारण बसली होती. धीर द्यायला ही सोबत आली आणि कोपऱ्यात स्टुलावर बसली.

चव्वेचाळीसकडे जळत्या नजरेने बघायचं, एवढंच काम. दिग्दर्शक म्हणाला, "डोळ्यांत आग आणा." मी चुलीचा विचार केला. तो म्हणाला, "मास्टर, तुम्ही संडास कुठे आहे ते विचारताय असं वाटतंय." सव्वीस वेळा झालं. सत्ताविसाव्या वेळी दिव्यांवरचा माणूस मोठ्याने "अरेरे" म्हणाला.

तेव्हा ही उठली. चव्वेचाळीसकडे गेली, त्याच्या खांद्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "इथला धागा निघालाय, दोन टाके घालते." घातले. मग येऊन बसली.

अठ्ठाविसावी वेळ. मी पाहतो तर चव्वेचाळीसच्या खांद्यावर ह्या एवढ्या चुण्या! हिने टाके घालूनही चुण्या! म्हणजे मुळातलं काम किती गचाळ असेल, विचार करा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शूटिंग संपलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.

घरी येताना मी म्हणालो, "मला आतून काहीतरी गवसलं."

"हो," ही म्हणाली. "मलाही."

१० मार्च

हिच्या धाकट्या बहिणीचं बाळ लहान आहे, घरात मदतीला कोणी नाही. म्हणून उद्यापासून ही रोज धाकटीकडे जाणार. नेमकं माझ्या शूटिंगच्या वेळेत. बरंच झालं, कोपऱ्यात घरचं माणूस असलं की कलावंताला मोकळं वाटत नाही.

२ एप्रिल

दिग्दर्शकाने माझं काम वाढवलंय. आता मुका भाऊ शेवटपर्यंत जगतो.

कपड्यांबद्दल मात्र लिहायलाच हवं. ह्या सिनेमाचे कपडे कोण शिवतं देव जाणे. पडद्याआड कपड्यांची खोली आहे, तिथे आम्हा नटांना जाऊ देत नाहीत. जो कोणी असेल त्याच्या हातात सुई देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. आज शोकाचा प्रसंग होता. आईच्या प्रेताजवळ उभं राहायचं. आईच्या अंगावर मखमल, आणि ती मखमल लवेच्या उलट्या अंगाने कापलेली! एवढी सुरेख मखमल! माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. आईचं काम करणाऱ्या बाईसुद्धा एक डोळा उघडून बघायला लागल्या.

काल संशयाचा प्रसंग होता, तर समोरच्याच्या खिशाचे पट्टे सदऱ्याच्या पट्ट्यांशी जुळत नव्हते. परवा भीतीचा प्रसंग, तर म्हाताऱ्या वकिलाच्या पँटचा एक पाय दुसऱ्याहून लांब. इतक्या भयंकर कपड्यांपुढेही मी अभिनय करू शकतो, ह्यातच सगळं आलं.

२७ मे

शूटिंग संपलं. हिच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा आहेत. म्हटलं, "बाळ चावतं का?" म्हणाली, "फार."

१५ ऑगस्ट

सिनेमा लागून आठवडा झाला आणि मी रस्त्यातून चालू शकत नाही. लोक समोर येतात, डोळे बारीक करतात, दात आवळतात आणि म्हणतात, "जमलं का?" न्हाव्याने आरशावर माझा फोटो लावलाय. पावाच्या दुकानात रांगेत उभा राहिलो तर पुढचे सगळे घाबरून बाजूला झाले. चव्वेचाळीसबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, तो छाती चाळीसवर आणून हिंडतोय असं ऐकतो.

वर्तमानपत्रात आलं: "एका नजरेत सात पिढ्यांचं वैर."

हिने ते कात्रण बराच वेळ हातात धरून ठेवलं होतं. मग म्हणाली, "खूश आहात ना तुम्ही?" मी म्हणालो, "खूश? अगं, मला स्वर्ग दोन बोटं उरलाय." तेव्हा ती छान हसली. मला वाटतं, तिला वाटलं. कोणीतरी आहे, असं.

सासरेबुवांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "कॉलर वाकडी होती."

"सगळंच वाकडं होतं, बाबा."

"पण हात आपला वाटला."

नजर अधू झालीय बिचाऱ्यांची.

११ सप्टेंबर

दुसरा सिनेमा जोरात. ह्यात मी बोलतो. एकूण चार वाक्यं.

काज-बटण सोडलं. दुकानात बसतो, पण काळा चष्मा लावून. आज एका गिऱ्हाइकाने सदरा पुढे केला तर मी त्यावर सही केली. तो म्हणाला, "बटण लावायचं होतं." सासरेबुवा म्हणाले, "जावईबापूंना शिंगं फुटलीत, त्यांना आता टोपी शिवा."

नाट्यगृहाचं पत्र आलं. हिला जागा मिळाली नाही. पत्र मला दाखवलं नाही, घडी करून शिवणपेटीच्या तळाशी ठेवलं.

"कारण काय दिलं?"

"माझं काम त्यांनी पाहिलंय म्हणे."

"मग तर मिळायलाच हवी होती!"

ती मशीनकडे वळली. मी म्हणालो, माझी आता ओळख आहे, मी शब्द टाकतो. तर म्हणाली, "नको. तुम्ही काहीही टाकू नका." स्वाभिमानी आहे.

४ ऑक्टोबर

बाजारात धाकटी भेटली. बाळ चालायला लागलंय, माझा चष्मा ओढून पळालंसुद्धा. धाकटी म्हणते, "ताई किती महिन्यांत फिरकली नाही, तिला म्हणावं विसरलीस का?" झोप मिळत नाही म्हणून बिचारीला आठवत नसेल. रोज जाते ही. मी घरी काही बोललो नाही, उगाच बहिणीबहिणींत वितुष्ट नको.

१९ ऑक्टोबर

आज मी कलेसाठी ताठ उभा राहिलो.

प्रेमाचा प्रसंग होता. माझा पहिलाच. नायिकेने लांब बाहीचा झगा घातला होता आणि काय सांगू, त्या बाहीची शिवण! अशी बाही मी फक्त एकाच हाताची पाहिली आहे. मी विरघळलोच. दिग्दर्शक म्हणाला, असं प्रेम पडद्यावर पूर्वी झालं नाही. आणि लगेच पुढच्या प्रसंगात त्याच नायिकेच्या बापाला असा कोट की बघवेना. म्हणजे येतं! ह्या माणसाला शिवता येतं आणि तो मुद्दाम माती खातो!

वर्तमानपत्राचा बातमीदार आला होता. मी सरळ सांगून टाकलं, "आमचे कपडे शिवणाऱ्याने पोती शिवावीत. तीही बटाट्याची. कांद्याची जरा नाजूक असतात." मग दिग्दर्शकाकडे गेलो आणि म्हणालो, "एक तर तो कारागीर राहील, नाही तर मी."

दिग्दर्शकाने माझ्याकडे फार वेळ पाहिलं. "मास्टर, तुम्हाला नक्की हेच हवंय?"

"नक्की."

"घरी एकदा विचारून बघा."

"घरचा काय संबंध?"

त्याने खालचा खांदा आणखी खाली टाकला आणि "बरं" म्हणाला.

२० ऑक्टोबर

आजपासून ही धाकटीकडे जाणार नाही म्हणाली. बाळ मोठं झालं. दिवसभर मशीनवरून उठली नाही. वर्तमानपत्र मात्र तिने वाचलं, बटाट्याच्या वाक्यापाशी अंगठ्याचा ठसा आहे.

२३ नोव्हेंबर

तिसरा सिनेमा. नवा कारागीर लांबून बोलावलाय, मिशीला मेण लावतो. कपडे असे की एकाही शिवणीकडे बोट दाखवता येणार नाही.

आज चौसष्ट वेळा झालं. मारेकरी माझ्या छातीवर पिस्तूल रोखून उभा, आणि मी त्याच्या कोटाच्या घडीकडे बघून हसतोय. दिग्दर्शक म्हणतो, "मास्टर, तो तुम्हाला मारायला आलाय." मला कळतं हो, पण इतकी सुबक घडी! आईच्या प्रेताजवळ उभं केलं (ह्या सिनेमातही आई मरते), तर मी समाधानाने मान डोलावली.

कुठे माशी शिंकली कळत नाही. बहुतेक मी अभिनयात फार खोल गेलोय, कॅमेऱ्याला दिसत नसेल.

८ जानेवारी

तिसरा सिनेमा लागला. प्रेक्षक हसले. मरणाच्या प्रसंगाला एक बाई हसता हसता खुर्चीवरून घसरली, तिला उचलावं लागलं. "सात पिढ्यांचं वैर" लिहिणाऱ्याच वर्तमानपत्राने लिहिलं, "खलनायकाला कुणीतरी चहा विचारा, पाहुणा वाटतो."

न्हाव्याने फोटो काढला. पावाच्या रांगेत मला कोणीतरी ढकललंदेखील.

मी काज करायला बसलो. ही शेजारी मशीनवर. तिने दोरा ओवून सुई माझ्या हातात दिली. मला रडू आलं आणि ह्या वेळी समोर मखमल नव्हती.

१७ जानेवारी

दिग्दर्शकाने पहिल्या सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगातला चव्वेचाळीसचा कोट आठवण म्हणून पाठवला. चिठ्ठी वगैरे काही नाही.

तशीच वाकडी कॉलर, तसाच चुण्यांचा खांदा. म्हटलं, हातात काम नाही तर हेच सरळ करू. अस्तर उसवलं, कोट उलटा केला, आणि मी जमिनीवरच बसलो.

बाहेरून वाकडा आणि आतून! एकेक कड हाताने शिवलेली. टाके डाळीच्या दाण्याएवढे, सगळे एका मापाचे. धाग्याचं प्रत्येक टोक घडीत लपवलेलं. बाहेर चुण्या पडाव्यात म्हणून आतून किती ठिकाणी मोजून ओढ दिली होती, त्याच्या खडूच्या खुणासुद्धा होत्या. अक्षर ओळखावं तसा मी हा हात ओळखतो. अकरा वर्षं त्याच हाताच्या शिवणीवर काज करतोय.

मग एकदम सगळं जुळलं. धाकटी, बाळ, बोटं, नाट्यगृहाचं पत्र. बटाट्याची पोती.

ही वरून आली. मला आणि कोटाला बघून पायरीवरच थांबली.

"आतून तरी वाकडं करायचंस," मी म्हणालो.

"खूप प्रयत्न केला. हात वळेना."

"का केलंस पण?"

"तुम्ही शीळ घालत घरी यायचात." ती माझ्यासमोर बसली. "अकरा वर्षांत कधी शीळ घातली नव्हती तुम्ही. तुम्हाला येते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं."

"आणि नाट्यगृह?"

"त्यांनी सिनेमा पाहिला. कपडे कोणी शिवले ते विचारलं. मी खोटं कसं सांगणार?"

मी वर्तमानपत्रात काय बोललो, ते दोघांच्याही मनात होतं. ते तिने काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. मला माझीच इतकी लाज वाटली की सासरेबुवा खुर्चीवरून काहीतरी बोलावेत म्हणून मी वाट पाहिली.

२१ जानेवारी

आज चव्वेचाळीसचा कोट उलटा करून अंगात घातला आणि नाट्यगृहाकडे निघालो. माझी छाती छत्तीस, त्यामुळे कोटात आणखी एक माणूस मावला असता. सगळी शिवण बाहेर, अस्तर लोंबतंय. लोक थांबून बघू लागले. "तोच ना तो? डोकं फिरलं वाटतं." चौकातल्या एकाला मात्र ती नवी फॅशन वाटली, त्याने तिथल्या तिथे आपला कोट उलटा केला. ही माझ्या प्रसिद्धीची शेवटची उचकी असावी.

शिवणविभागात वीस मशिनी आणि एक प्रमुख बाई. कपाळावर चष्मा, गळ्यात टेप. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. कोटाकडे बघितलं आणि चष्मा खाली ओढला.

"उभे राहा. हात वर. वळा."

मी वळलो. त्यांनी बगलेपासून कमरेपर्यंत शिवणीवरून बोट फिरवलं, मग कॉलरच्या आत, मग पुन्हा बगलेत. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही.

"कोणी शिवलंय हे?"

"माझ्या बायकोने. तुम्ही तिला सप्टेंबरात नाही म्हणालात."

त्यांनी कोटाची कड उलटून बाहेरची बाजू पाहिली. "आणि हे?"

"तेही तिनेच. मुद्दाम."

"असा हात असलेली बाई मुद्दाम असं का शिवेल?"

वीसच्या वीस मशिनी थांबल्या. वाटेत मी ह्या उत्तराची चांगली तयारी केली होती. दिग्दर्शकाची मागणी, कथेची गरज, असं बरंच काही. पण त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"कारण मला अभिनय येत नाही," मी म्हणालो. "वाकडी शिवण बघितली की मला राग येतो. लोकांना तो अभिनय वाटला. मलाही वाटला. फक्त तिला कळलं होतं, आणि तिने कोणाला सांगितलं नाही. मला अजिबात, काडीचाही अभिनय येत नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा तिसरा सिनेमा पाहिलाय मी. कोट ठेवून जा. जागेवर ज्याला घेतलं त्याला महिन्यात काढावं लागलं. तिला उद्या सकाळी पाठवा, तिची स्वतःची कातर घेऊन."

येताना थंडी वाजत होती. पळतच आलो. ही कापड बेतत होती. मी दारातूनच सगळं सांगितलं, धापा टाकत, उलटसुलट, आधी उद्या सकाळचं आणि मग आजचं.

"पण तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?" तिने विचारलं.

"की मला अभिनय येत नाही."

"सगळ्यांसमोर?"

"वीस मशिनी होत्या."

तिने कातर खाली ठेवली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. मी बघत राहिलो. सासरेबुवा दारातून ओरडले, "काय झालं? काय करतेय ती?" मी त्यांना सांगू लागलो की हसतेय, डोळे मिटलेत, उजव्या गालाला खडू लागलाय, हनुवटी थरथरतेय, लहान मुलीसारखी दिसतेय.

आता हे लिहायला बसलो तर सगळं आठवतंय. फक्त तिने अंगात काय घातलं होतं, ते मात्र काही केल्या आठवत नाही.